सेंटॉरची हिवाळी डागडुजी : फेअरहॅम खाडी, इंग्लंड, २०२३-२४

२८ ऑक्टोबर २०२३

कील, म्हणजे बोटीच्या पोटाखालचं जड पातं, तपासायची खरी वेळ म्हणजे बोट क्रेनच्या पट्ट्यांत लटकत असते तेव्हाची. एकदा ती यार्डात टेकली की तीन टनांचं वजन दोन्ही कीलवर उतरतं आणि सैल काय, घट्ट काय, काही कळत नाही. क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यानं दहा मिनिटं दिली. मेहुणा खाली डाव्या कीलच्या टोकाशी, मी आत फळी उचलून टॉर्च घेऊन. तो कील आतबाहेर रेटत होता. "भावोजी, काही दिसतंय का?" दिसत होतं. कीलच्या मुळापाशी तळाचं फायबर, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचं कवच, नखभर वरखाली होत होतं. उजव्या बाजूलाही थोडी हालचाल आहे, पण तितकी नाही.

ही बोट ज्यांच्या ओळखीची नाही त्यांच्यासाठी : वेस्टर्ली सेंटॉर, २६ फूट लांब, साडेआठ फूट रुंद, पाण्याखाली जेमतेम तीन फूट. १९६९ ते १९८० या काळात अशा दोन हजार चारशेच्या वर बोटी बांधल्या गेल्या, त्याही इथून दहाएक मैलांवरच्या वॉटरलूव्हिलमध्ये. डिझाइन लॉरेंट जाइल्स यांच्या कचेरीतलं. पोटाखाली एका खोल कीलऐवजी बिडाच्या दोन, बाहेरच्या बाजूला फाकलेल्या. त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की बोट चिखलात सरळ उभी राहते. दाभोळच्या खाडीत सुकतीला मचवा कुशीवर कलंडतो, माणसं तिरक्या फळीवर बसून जेवतात. सेंटॉरमध्ये चहाचा कप हलत नाही. मरिनाचं भाडं न परवडणाऱ्यांना खाडीतलं स्वस्त मूरिंग, म्हणजे बोट बांधून ठेवायची जागा, या दोन कीलमुळे मिळालं. माझ्या मते इंग्लंडात सामान्य पगारदारांच्या हाती शिडाची बोट आली त्यात या बोटीचा वाटा मोठा आहे.

दुखणंही तिथलंच. फाकलेली कील चिखलात रुतते, भरतीच्या लाटेनं बोट उचलली जाते, पुन्हा बसते, आणि दर वेळी कील पहारीसारखी तळ उचकटायला बघते. पन्नास वर्षं दिवसातून दोनदा हे चाललंय. बाकी कवच मजबूत. त्या काळी फायबर किती जाड लागतं याचा कोणालाच नेमका अंदाज नव्हता, म्हणून सढळ हातानं घातलंय. कवच नीट घडवल्याचा दाखला, लॉइड्सचं मोल्डिंग सर्टिफिकेट, जुन्या मालकांनी कागदपत्रांत जपून ठेवलेलं होतं.

या हिवाळ्याचं पहिलं काम ठरलं : डाव्या कीलचं मूळ आतून बांधून काढणं.

२ नोव्हेंबर

कियारन वादळ. रात्रभर झोप नाही. सकाळी यार्डात गेलो. आमची आपल्या दोन पायांवर जशीच्या तशी उभी. शिडं आधीच उतरवून घरी नेली होती, हे बरं झालं. शेजारच्या एका बोटीचं गुंडाळलेलं पुढचं शीड वाऱ्यानं सुटून चिंध्या झाल्या होत्या. ज्याला शक्य असेल त्यानं गुंडाळीचं शीड हिवाळ्यात काठीवर ठेवू नये.

१८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आज सीकॉक.

बोटीच्या तळाला पाण्याखाली चार भोकं आहेत : इंजिनाचं थंड पाणी, संडासाची दोन आणि स्वयंपाकाच्या बेसिनचं एक. प्रत्येकावर एक झडप, तीच सीकॉक. यातल्या तीन झडपा बोटीबरोबर आलेल्या, ब्लेक कंपनीच्या, ब्राँझच्या. चौथी, बेसिनची, मागच्या कोणीतरी नंतर बसवलेली पितळी गेट व्हॉल्व्ह.

ब्लेकची रचना फार साधी आहे. निमुळत्या ब्राँझच्या कपात तसाच निमुळता ब्राँझचा शंकू, शंकूला आडवं भोक. दांडा फिरवला की भोक समोर येतं किंवा आड जातं. वरच्या पट्टीचे दोन बोल्ट काढून लाकडी हातोडीनं हलकेच ठोकलं की शंकू बाहेर. जुनं ग्रीस सुकून तपकिरी झालेलं. रॉकेलनं पुसलं, शंकूवर तीन-चार ठिकाणी बारीक ग्राइंडिंग पेस्टचे ठिपके दिले, परत कपात घालून अर्धा वळसा पुढे, अर्धा मागे. आवाज आधी खरखरीत येतो, मग मऊ होत जातो. पुसून पाहायचं : शंकूभर एकसारखा, कुठेही न तुटलेला राखाडी पट्टा दिसायला हवा. चकचकीत डाग राहिला तर तिथे धातूला धातू लागत नाही, पुन्हा पेस्ट. संडासाच्या एका झडपेनं दुपार खाल्ली, बाकी दोन लवकर झाल्या. मग पेस्टचा कणही मागे न ठेवता धुवायचं, नाहीतर ती आत राहून धातू खातच राहते. सीकॉकचं जाड ग्रीस लावायचं आणि बोल्ट इतकेच आवळायचे की दांडा जरा जोर लावून फिरेल.

गेट व्हॉल्व्हचं चाक सहज फिरत होतं. फार सहज. बाहेर काढून शिकंजात धरली तर दांडा कडकन तुटला. तुटलेल्या जागी पितळेचा पिवळा रंग नव्हताच, गाजरासारखा गुलाबी होता. साध्या पितळेत जस्त बरंच असतं. समुद्राच्या पाण्यात ते हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. बाहेरून आकार तोच, ताकद शून्य. कधी कुठली लाथ लागली असती तर पावणेदोन इंचाच्या भोकातून पाणी आत. जुन्या बोटीला विकत घेणाऱ्या कोणालाही माझं पहिलं सांगणं हेच राहील : इंजिन, शिडं, गाद्या नंतर बघा, आधी या झडपा खरवडून रंग बघा.

यातूनच मनाशी एक हिशेब पक्का होत चाललाय. बोटीवरच्या ज्या वस्तू उघडता येतात, आत काय झालंय ते डोळ्यांनी बघता येतं आणि हातानं सरळ करता येतं, त्या पन्नास वर्षांच्या असल्या तरी ठेवायच्या. ज्या बंद आहेत त्यांना वय लावायचं आणि वय भरलं की धडधाकट दिसत असल्या तरी बदलायच्या.

२ डिसेंबर

बोट-जंबलला गेलो. लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान मांडून बसतात : शॅकल, पुल्या, नांगर, दिवे, साखळदंड. मुंबईत रे रोडच्या दारूखान्यात फिरल्याचा आनंद मिळाला. दीड इंची ब्लेक मिळाली, जुनी पण शंकू शाबूत. बेसिनच्या भोकावर हीच बसवणार. विकणाऱ्या आजोबांनी शंकू स्वतः काढून दाखवला, मगच पैसे घेतले.

९ डिसेंबर

तळाचा रंग. याला घाई चालत नाही.

१९७० च्या दशकात बोटीच्या तळाला जे रंग लावत त्यांत ट्रायब्युटिल टिन असे. शंख-शिंपल्यांना, विशेषतः कालवांना, त्याची फार बाधा झाली. फ्रान्समध्ये आर्काशॉनच्या खाडीत कालवांची शेती त्यानं मोडकळीला आली, आणि १९८७ मध्ये ब्रिटननं २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर ते बंद केलं. आमच्या बोटीवर अनेक थर आहेत, सगळ्यात खालचे त्या काळातले असणार असं धरूनच चालायचं. त्यामुळे सँडर लावून कोरडी घासणी नाही. खाली ताडपत्री, तळ ओला ठेवायचा, रुंद कार्बाइडच्या खरवडणीनं थर काढायचा, आणि ताडपत्रीवर पडलेलं सगळं गोळा करून यार्डाच्या घातक कचऱ्यात. मास्क, गॉगल, हातमोजे.

लाल, निळा, काळा, पुन्हा लाल, आणि मग विटकरी. विटकरीखाली जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर. कीलच्या मुळाशी जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, नेमक्या जिथे आतून हालचाल दिसली होती तिथे. ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरमध्ये पाणी मुरून येणारे फोड मात्र अगदी थोडे, मटाराएवढे. ते तसेच ठेवतोय. फोडांनी बोट बुडाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ते खरवडून वाळवायला लागणारा वेळ आणि पैसा कील आणि डोलकाठीवर जास्त सत्कारणी लागेल.

६ जानेवारी २०२४

डाव्या कीलचा एक बोल्ट काढला. बोल्ट दोन्ही टोकांना नवा दिसतो आणि मधे झिजतो, कारण कील आणि तळ जिथे भेटतात त्या सांध्यात पाणी अडकून राहतं. हा मधे किंचित बारीक झालाय, धोक्याच्या पातळीला नाही. तरी डावीकडचे सगळे बदलणार. पुन्हा तिथे हात घालायची वेळ लवकर यायला नको.

आतून ग्राइंडिंगही आज केलं. जुन्या फायबरवरचा रंग, तेलकटपणा, पन्नास वर्षांची तळात साचलेली घाण काढून स्वच्छ काच दिसेपर्यंत. कागदी सूट आणि पूर्ण चेहऱ्याचा मास्क असूनही मनगटांवर रात्रभर खाज. गार पाण्यानं धुवायचं, गरम पाण्यानं काचेचे कण आणखी आत जातात असं यार्डातल्या जुन्या माणसानं सांगितलं, फरक पडला.

२० जानेवारी

कडाक्याची थंडी. दुपारीही पारा चार अंशांवर. एपॉक्सी, म्हणजे काचेचं कापड चिकटवायचं रेझिन, या तापमानात नीट धरत नाही, पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि वरचा थर चिकटत नाही. लॅमिनेटिंग, म्हणजे कापडाचे थर चढवणं, पुढे ढकललं, इंजिन हाती घेतलं.

व्होल्वो पेंटा एमडी११सी. दोन सिलिंडर, डिझेल, वजनानं अवाढव्य, आणि थेट समुद्राच्या पाण्यानं थंड होणारं. अशा इंजिनाला मुद्दाम कमी तापमानावर, साठ अंशांच्या आसपास चालवतात, कारण त्यापुढे पाण्यातलं मीठ आतल्या वाटांमध्ये साचायला लागतं. तरी साचतंच. एक्झॉस्टचं कोपर, जिथे गरम धूर आणि थंड पाणी एकत्र येतं, ते काढलं. अंगठा जायला हवा तिथे करंगळीही जाईना. काजळी आणि मीठ मिळून दगड झालेला. मागच्या उन्हाळ्यात पूर्ण वेगाला काळा धूर येत होता त्याचं कारण हेच. घासून, खरवडून, शेवटी सौम्य ॲसिडमध्ये ठेवून मोकळं केलं. भिंत अजून जाड आहे, दोन वर्षं जाईल. पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर नवा, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाकून उघडतोय ते पाहिलं, इंजेक्टर तपासायला दिले.

लोक सांगतात नवं इंजिन टाका. नवं हलकं आहे, शांत आहे, मान्य. पण याला डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा खटका आहे आणि हँडल मारून चालू करता येतं. बॅटरी मेली तरी बंदराबाहेर अडकून पडत नाही. डिझेल, हवा आणि थंड पाणी एवढंच याचं मागणं.

संध्याकाळी गाडीत हीटर लावून सुहैलीबद्दल बोलत बसलो. मेहुण्याला माहीत नव्हतं की एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली बोट मुंबईची. १९६३-६४ मध्ये कुलाब्याला, सागवानात, आपल्या सुतारांनी तासणी आणि हातानं फिरवायच्या सामत्यानं बांधलेली ३२ फुटी केच, म्हणजे दोन डोलकाठ्यांची बोट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावर १४ जून १९६८ ला फाल्मथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला परत आले. वाटेत फळ्यांच्या सांध्यातून पाणी यायला लागलं तर भर समुद्रात पाण्याखाली जाऊन सांधा भरला. रेडिओ बंद पडला. ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा कायमची गेली आणि पुढचं निम्मं जग शिडं साधून काढलं. पुढे ग्रिनिचच्या संग्रहालयात ठेवली तर तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसल्या, म्हणून त्यांनी ती बाहेर काढली आणि स्वतः खपून पुन्हा पाण्यात आणली. इथून खाडीपलीकडच्या गोस्पोर्टमध्येच ते काम चाललं होतं. मुंबईच्या सागवानाला पाणी लागतं, संग्रहालय मानवत नाही, हे ऐकून मेहुणा बराच वेळ गप्प होता.

गेल्या एप्रिलमध्ये अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले तेही याच वंशातल्या बोटीवर, रस्टलर ३६. त्या शर्यतीचा नियमच आहे : डिझाइन १९८८ पूर्वीचं, लांब कील, ठिकाण शोधायला सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायचं उपकरण. २०१८ मध्ये त्यांची डोलकाठी हिंदी महासागरात मोडली होती आणि पाठीला जबर इजा झाली होती. त्यानंतर पुन्हा उभं राहून ही शर्यत. आमची झेप आयल ऑफ वाइट बेटापर्यंतची आहे, पण बोट कशी असावी हे ठरवताना असली उदाहरणं समोर असावीत.

१७ फेब्रुवारी

हा फेब्रुवारी विलक्षण उबदार चाललाय. पाऊस थांबत नाही, पण तंबूत हीटरसह सोळा अंश सहज मिळतात. कील बांधली.

कापडाचे तुकडे आधीच कापून आकड्यांनी मांडून ठेवले. पहिला थर सर्वांत लहान, पुढचा प्रत्येक दोन इंचांनी मोठा, म्हणजे कडा पायरीपायरीनं उतरतात आणि एकाच रेषेवर ताण येत नाही. मी एपॉक्सी कालवून ब्रशनं भिजवायचो, मेहुणा लोखंडी रोलरनं हवा काढायचा. पांढरं कापड भिजलं की पारदर्शक होतं. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा. एक थर ओला असतानाच दुसरा. दुसऱ्या दिवशी आडव्या पट्ट्या बसवल्या, कीलच्या मुळावरून तळाच्या मध्यापर्यंत, आणि त्यांवर पुन्हा कापड. आता कीलचा रेटा एका ठिकाणी न राहता सगळ्या तळात वाटला जाईल. सर्व्हेअर आठवडाभरानं आले, छोट्या हातोडीनं इंच इंच वाजवलं. सगळीकडे तोच टणक आवाज. नवे बोल्ट त्यानंतरच घातले.

छताचं अस्तर लोंबतंय. या कंपनीच्या बोटींचा हा इतका ठरलेला आजार आहे की त्याला कंपनीच्याच नावानं ओळखतात : अस्तरामागचा फोम कालांतरानं भुगा होतो. चालेल अजून.

१६ मार्च

डोलकाठी आडवी करून तिच्या तारा. विमेवाल्यांनी दहा वर्षांच्या वरच्या तारांचा अहवाल मागितला होता. अहवाल कशाला, बदलूनच टाकतोय.

जुन्या तारांची टोकं यंत्रानं दाबलेली, म्हणजे स्वेज्ड. बाहेरून आरशासारखी. स्टेनलेस स्टीलला गंज न लागण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. दाबलेल्या टोकात खारं पाणी शिरून बसलं की तिथे हवा नाही, आणि आतल्या आत भेग वाढते. मागच्या आडव्या दांड्याजवळच्या एका टोकाला भिंगातून केसाएवढी उभी रेघ दिसली. सगळ्या तारा उतरवल्यावर ती वाकवून पाहिली तर उघडली.

नव्या तारांना एका टोकाला स्टा-लॉक नावाच्या जोडण्या लावतोय, कारण त्या पान्यानं उघडतात. तारेत १९ धागे असतात : मधे एक, त्याभोवती सहा, बाहेर बारा. बाहेरचे बारा हातानं उलगडायचे, आतल्या सातांवर शंकू सरकवायचा, मग बारा धागे शंकूभोवती सारख्या अंतरानं परत बसवायचे. एकही धागा दुसऱ्यावर चढता कामा नये. आवळायचं, उघडून बघायचं, टोकं नीट दुमडली असली तर सीलंट घालून कायमचं आवळायचं. पहिल्या टोकाला तासभर, शेवटच्याला दहा मिनिटं. पुढं कधी शंका आली तर उघडून बघता येईल. शंकू तेवढा नवा घालायचा.

शिडांचं कापड अजून कडक आहे, शिवण मात्र नखानं ओढली की तुटते. ऊन आधी दोऱ्याला खातं. शिवणाऱ्याकडे दिली.

२३ मार्च

चार्ट टेबलावर डेक्का या जुन्या दिशादर्शक रेडिओ यंत्रणेचा डबा अजून होता. नॉर्मंडीच्या चढाईत, जून १९४४ मध्ये, ज्या रेडिओ यंत्रणेवर सुरुंग काढणाऱ्या बोटी वाट शोधत गेल्या तीच पुढे मच्छीमार आणि नौकाविहारवाल्यांकडे आली. ब्रिटनमधली केंद्रं २००० च्या वसंतात बंद झाली. डबा, त्याची अँटेना आणि छतातून गेलेली मीटरच्या मीटर वायर काढली. वायरचं टोक सोललं तर आतलं तांबं काळं. कल्हई नसलेली वायर खाऱ्या हवेत अशीच होते, आणि मग दिवे मंद का, याचं उत्तर बॅटरीत शोधत बसतात लोक. डोलकाठीवरच्या दिव्यांना नवी कल्हईची वायर ओढली.

जुना व्हीएचएफ रेडिओ चालू आहे, आवाज स्वच्छ आहे, तरी काढला. त्याला डीएससी, म्हणजे बटणानं मदतीची हाक पाठवायची सोय, नाही. नव्या सेटचं लाल बटण दाबून धरलं की चॅनल ७० वरून बोटीचा नऊ आकडी क्रमांक आणि ठिकाण आपोआप जातं. तोंडानं अक्षांश-रेखांश सांगायची वेळ आली तेव्हा घरच्यांपैकी कोण काय सांगू शकेल, याचा विचार केला की दुसरा निर्णय होऊच शकत नाही. गॅसचा रबरी पाइपही त्यावरचं साल बघून बदलला. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर थेट तळात जाऊन साचतो.

९ एप्रिल

पाडवा. आज अमावास्येचं उधाण धरून बोट पाण्यात टाकायची होती, सुट्टीही घेतली होती. रात्री पियरिक वादळ नेमकं त्याच उधाणावर येऊन बसलं. लिटलहॅम्प्टनला अरुण नदीचं पाणी घरांत शिरलं, मेडमेरीच्या सुट्टीच्या वसाहतीतून माणसं रात्री बाहेर काढावी लागली. यार्डातही पाणी धक्क्यावरून आत आलं होतं. क्रेन बंद. घरी गुढी उभारली, श्रीखंड झालं.

२७ एप्रिल

दुपारी दोनच्या सुमाराच्या भरतीला बोट पाण्यात. नारळ वाढवला, क्रेनवाल्यानंही खोबरं खाल्लं. पट्ट्या सोडण्याआधी चारही सीकॉक, स्टर्न ग्लँड (पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं सील) आणि कीलचे बोल्ट पाहिले. ग्लँडमधून थेंब थेंब, तो तसाच हवा, शाफ्ट थंड राहतो. बाकी सगळं कोरडं. इंजिन मुद्दाम हँडल मारून सुरू केलं. पूर्ण वेगाला धूर नाही.

६ मे

मूरिंगवर परत. पाणी गेलं, बोट चिखलात बसली, मी आत फळी उचलून थांबलो. भरतीचं पाणी आलं, फेरीच्या लाटेनं दोनदा उचलून आपटलं. नव्या लॅमिनेटवर पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा जिथल्या तिथे, कडांना भेग नाही. उजवीकडे मात्र टॉर्चच्या उजेडात ती जुनी किंचित हालचाल आहेच. सर्व्हेअरच्या मते हा हंगाम निर्धास्त जाईल. कापड आणि एपॉक्सी उरलंय त्याची यादी केली, बोल्टची मापं लिहून ठेवली. उजवी कील ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आत.